कामावरून काढणे आणि न्यायालयाचा निवाडा : प्रस्तावना

कामगाराला कामावरून काढण्याचा अधिकार मालकाला आहे. मात्र तो कसा वापरायचा हे कायद्याने ठरवून दिले आहे. ती रीत मोडली, किंवा रीत पाळल्याचा देखावा करून मनातला वेगळाच हेतू साधला, म्हणजे सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरते. दाद मागायला निघालेल्या कामगाराला वाटते, आपण किती इमानाने राबलो ते न्यायाधीश बघतील. मालकाला वाटते, हा माणूस किती बेशिस्त होता ते बघतील. न्यायालय मात्र आधी वेगळेच प्रश्न विचारते. हा माणूस कायद्याच्या अर्थाने कामगार आहे का? त्याला काढले ते कोणत्या वाटेने? त्या वाटेवरचे टप्पे पार पडले का? आणि या सगळ्याची नोंद कुठे आहे? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जड, कारण हजेरीपट, पगारपत्रक आणि चौकशीचे कागद मालकाच्या कपाटात असतात. कामगाराच्या हातात बहुधा जुना गेटपास आणि दोन-चार पगारचिठ्ठ्या एवढेच उरते.

मुंबई–हावडा लोहमार्गावरचे ‘भंडारा रोड’ स्थानक ज्या गावात आहे ते वरठी, मोहाडी तालुक्यातले. गावात सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, रेल्वे, शाळा आणि आसपास भातगिरण्या आहेत; नोकरीचे इतके प्रकार एका ठिकाणी सहसा आढळत नाहीत. समजा, अशा गावातल्या एकाच आळीत राहणाऱ्या पाच जणांचे काम एकाच दिवशी सुटले, तर त्यांना पाच वेगळी दारे ठोठावावी लागतात. खासगी कारखान्यातला कायम कामगार भंडाऱ्याच्या कामगार न्यायालयात जातो. रेल्वेच्या कायम पॉइंट्समनला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. खासगी शाळेतल्या शिक्षकासाठी १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याने शाळा न्यायाधिकरण नेमले आहे आणि तिथे अपिलाची मुदत आहे अवघी तीस दिवसांची. तुमसर तालुक्यातल्या चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत जाणाऱ्याचा वाद केंद्र सरकारच्या कक्षेत येतो आणि नागपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापुढे चालतो. पाचवा ठेकेदाराकडचा. त्याचा खरा मालक कोण, हाच त्याचा पहिला खटला असतो.

चुकीच्या दारात उभे राहण्याची किंमत मोठी आहे. चार-सहा वर्षे तारखा पडल्यावर ‘या न्यायालयाला अधिकार नाही’ असा निकाल लागतो आणि कामगाराला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून या विषयाच्या अभ्यासात हक्काच्या आधी न्यायालयाची निवड येते. खालील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराचे, म्हणजे राज्य सरकारच्या कक्षेतल्या खासगी उद्योगातल्या कामगाराचे आहे. बाकीचे ओघाने येतील.

नोकरी हा दोन माणसांमधला करार आहे आणि तो मोडला तर फार तर नुकसानभरपाई मिळेल, नको असलेला नोकर मालकाच्या गळ्यात बांधता येणार नाही, ही इंग्रजी कायद्याची जुनी भूमिका. दिवाणी न्यायालये आजही साधारणपणे तीच पाळतात, त्यामुळे व्यवस्थापक दर्जाच्या माणसाला दिवाणी दाव्यात पैसे मिळू शकतात, खुर्ची परत मिळत नाही. औद्योगिक कायद्याने ही भिंत पाडली. १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम नवा होता तेव्हाच प्रश्न उभा राहिला की काढलेल्या कामगाराला परत घ्या असे न्यायाधिकरण सांगू शकते का. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन विरुद्ध मुंबईचे औद्योगिक न्यायाधिकरण या प्रकरणात फेडरल कोर्टाने १९४९ मध्ये उत्तर दिले की सांगू शकते. औद्योगिक न्यायाधिकरण फक्त जुना करार वाचत नाही. उद्योगातली शांतता आणि न्याय यांसाठी ते पक्षकारांवर नवी बंधने घालू शकते. पुढच्या पाऊण शतकातला प्रत्येक ‘पुन्हा कामावर घ्या’ हा आदेश या निकालाच्या पायावर उभा आहे. त्या मानाने त्याची आठवण फारच थोड्यांना आहे.

हे संरक्षण मिळते ते ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच. अंगमेहनतीचे, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारे त्यात येतात. व्यवस्थापकीय काम करणारे येत नाहीत. देखरेखीचे काम करणाऱ्यांना वेतनाची मर्यादा लागते. पदनामाला इथे किंमत नाही. कागदावर ‘सुपरवायझर’ लिहिलेला माणूस दिवसभर स्वतः पाना-हातोडा घेऊन यंत्राशी असेल तर तो कामगारच, आणि हे तो रोज काय करत होता याच्या साक्षीवरून ठरते. विदर्भाच्या ओळखीचे उदाहरण विडी कारखान्याचे आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यातले कामगार नगावर मजुरी घेत, येण्याजाण्याच्या वेळा त्यांच्या त्यांनी ठरवलेल्या असत; मग ते कामगार कसे, असा मालकाचा सवाल होता. कारखाने अधिनियमाखालच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये त्यांना कामगार ठरवले. काम मालकाच्या जागेत होते आणि विडी नीट वळली नसेल तर ती नाकारण्याचा अधिकार मालकाकडे होता; कामावरचा ताबा दिसायला तेवढे पुरेसे होते. उलट दिशेचा निकाल गोव्यातून आला. तिथल्या एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिकवणे हे व्याख्येतल्या कोणत्याच प्रकारच्या कामात बसत नाही, म्हणून शिक्षक कामगार नव्हे. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना वेगळा कायदा आणि वेगळे न्यायाधिकरण का लागते, ते यावरून कळते.

ठेकेदाराकडच्या माणसाची अडचण याहून अवघड. तो दहा वर्षे एकाच भट्टीवर काम करतो, हुकूम कंपनीच्या फोरमनचा घेतो. पण गेटपासवर नाव ठेकेदाराचे, आणि दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलला की तेवढे नाव बदलते, माणूस तोच राहतो. त्याला गेटवर अडवले तर त्याने तक्रार कोणाविरुद्ध करायची? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या महाराष्ट्रातल्या दोन प्रकरणांत स्पष्ट केले की कामगार-मालक हे नातेच वादात असेल तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित प्रथांच्या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ते नाते सिद्ध करून घ्यावे लागेल. त्याच वर्षी स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की ठेका पद्धत बंद झाली म्हणून ठेका कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. ठेका हा निव्वळ बनाव होता हे न्यायाधिकरणापुढे शाबीत झाले तर होतो. कायद्याच्या तर्काला हे धरून असेल. प्रत्यक्षात मात्र ज्याच्याजवळ पुरावा आणि पैसा सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला दुहेरी लढाई आली आहे.

कामगार-मालक हे नाते मान्य झाले की प्रश्न येतो वाटेचा. काढण्याच्या वाटा मुळात दोन. एक, कामगाराचा दोष नसताना काढणे, म्हणजे कपात. दुसरी, गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढणे, म्हणजे बडतर्फी. नियुक्तीपत्रात, राजीनाम्यात, ‘नाव कमी केले’ या शेऱ्यात मालकाने काहीही शब्द घातले तरी न्यायालय पडदा बाजूला सारून बघते की यातले नेमके काय घडले.

पहिल्या वाटेवरचा परवलीचा आकडा २४० आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले (भूमिगत खाणीत १९०) की सेवा अखंड एक वर्षाची धरतात. अशा कामगाराला कमी करायचे तर १९४७ च्या अधिनियमातल्या कलम २५-एफ ने घालून दिल्याप्रमाणे महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई आणि सरकारला कळवणे हे सगळे लागते. भरपाई काढतेवेळीच द्यावी लागते. ‘नंतर कार्यालयात येऊन घेऊन जा’ चालत नाही. शेवटी आलेला आधी जाईल हा क्रमही पाळावा लागतो, आणि पुढे भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी बोलावावे लागते.

२४० मोजताना काय धरायचे यावरच कितीतरी खटले झाले. सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्रकरणात १९८५ मध्ये ठरवले की पगारी रविवार आणि सुट्याही धरायच्या. त्याआधी १९७६ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात प्रश्न आला की नेमणुकीच्या पत्रातच संपण्याची तारीख लिहिली असेल तर मुदत संपताच माणूस आपोआप सुटतो, ती कपात कशी. न्यायालयाने ‘कोणत्याही कारणाने’ हे कायद्याचे शब्द अक्षरशः घेतले आणि तीही कपातच ठरवली. १९८४ मध्ये कायदा बदलून मुदतीच्या करारांना वगळण्यात आले. तेव्हापासून ‘ब्रेक’ या शब्दाला कारखान्याच्या बोलीत कायमची जागा मिळाली: सात महिने झाले की पंधरा दिवस घरी, मग नवे पत्र, नवा क्रमांक. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने नेमके हे ओळखले होते. बदली, हंगामी किंवा तात्पुरत्या कामगारांना कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे तसेच ठेवणे ही त्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेली आहे.

२४० दिवस भरले हे शाबीत कोणी करायचे? २००२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो भार कामगारावर आहे आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. रोजंदारीवरच्या माणसाला ना नियुक्तीपत्र मिळते ना पगारचिठ्ठी, मग त्याने आणायचे काय? तीन वर्षांनी, २००५ मध्ये, न्यायालयाने याला वळण दिले: कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगावे, हाताशी असेल ते दाखवावे, आणि मस्टर हजर करण्याची मागणी न्यायालयाकडे करावी. यात खटल्याचे सारे वजन एका अर्जावर येऊन पडते. अनुभवी वकील किंवा युनियनचा कार्यकर्ता पहिल्या दोन तारखांतच हजेरीपट, वेतनपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचे विवरण आणि गेटवरचे नोंदपुस्तक हजर करण्याचा अर्ज देतो. मालकाने ते आणले तर दिवस मोजता येतात. आदेश असूनही आणले नाही तर ते त्याच्या विरुद्ध जाईल असे धरण्याची मोकळीक न्यायाधीशाला मिळते. अर्जच दिला नाही तर बारा वर्षे राबलेल्या माणसाची कैफियत कोऱ्या कागदावर उभी राहते.

दुसरी वाट शिक्षेची. तिचा क्रम ठरलेला आहे: आरोपपत्र, खुलासा, चौकशी, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल, दुसरी नोटीस, आदेश. कारखान्यातल्या चौकशीचे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला न्यायालये नैसर्गिक न्यायाचा एवढा आग्रह का धरतात हे समजावून सांगावे लागत नाही. प्रशासन विभागातली एक खोली. टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, बहुधा कंपनीने फी देऊन नेमलेला वकील. शेजारी व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, जाड फाइल घेऊन. समोर कामगार आणि त्याने आणलेला एक सहकारी, ज्याला स्वतःची पाळी बुडवून यावे लागले आहे. साक्ष मराठीत होते, टंकलेखन इंग्रजीत, आणि प्रत्येक पानाखाली कामगाराची सही मराठीत. ‘मला वाचून दाखवले व समजले’ हे वाक्य तर तयारच असते. पुढे न्यायालयात सगळ्यांत जास्त उलटतपासणी याच वाक्यावर होते.

चौकशी योग्य ठरायला काय लागते ते सर्वोच्च न्यायालयाने सूर इनॅमल प्रकरणात १९६३ मध्ये सांगितले: आरोप स्पष्टपणे कळवलेले हवेत, साक्षी कामगाराच्या समोर व्हाव्यात, त्याला उलट प्रश्न विचारता यावेत, आपले साक्षीदार आणता यावेत, आणि अहवालात निष्कर्षाची कारणे यावीत. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो. स्थायी आदेशांच्या कायद्याप्रमाणे पहिले नव्वद दिवस निम्मे वेतन, त्यानंतर विलंब कामगारामुळे नसेल तर पाऊण. भत्ता रोखला आणि पैशाअभावी कामगार चौकशीला येऊच शकला नाही तर ती चौकशी टिकत नाही, हे भारत गोल्ड माइन्सच्या १९९९ च्या निकालाने पक्के केले. गैरहजेरीबद्दल ‘आठ दिवसांत आला नाही म्हणून नाव आपोआप कमी’ ही स्थायी आदेशातली सोयही न्यायालयाने १९९३ मध्ये नाकारली. जे. एम. ए. इंडस्ट्रीजच्या त्या प्रकरणात कामगाराचे म्हणणे होते की तो गेटवर येत होता, त्यालाच आत घेत नव्हते. न्यायालयाने ऐकून घेतल्याशिवाय काढणे अमान्य केले आणि निम्म्या मागील पगारासह त्याला परत घ्यायला लावले.

कामगार न्यायालयात खटला उभा राहिला की प्राथमिक मुद्दा निघतो तो याचाच: चौकशी न्याय्य होती का आणि तिचा निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का. चौकशी कोलमडली म्हणजे कामगार जिंकला असे मात्र नाही, आणि इथे पुष्कळांची निराशा होते. फायरस्टोन टायरच्या १९७३ च्या निकालापासून ठरलेले आहे की मालक न्यायालयापुढे नव्याने पुरावा देऊन गैरवर्तन शाबीत करू शकतो. तशी परवानगी त्याने आपल्या लेखी कैफियतीतच मागून ठेवायला हवी. पुराव्याची पातळीही फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या १९७७ च्या प्रकरणात, विनातिकीट प्रवाशांचे जबाब घेतले नव्हते एवढ्याने चौकशी रद्द होत नाही, तपासणी पथकाची साक्ष हा पुरावाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. एसटीच्या प्रत्येक विभागात लढल्या जाणाऱ्या तिकिटांच्या प्रकरणांत या निकालाचा दाखला आजही दिला जातो. पैशाच्या अपहारात रक्कम किती हे न्यायालये सहसा बघत नाहीत. विश्वास गेला हे पुरेसे धरतात.

गैरवर्तन सिद्ध झाल्यावर उरतो शिक्षेचा प्रश्न, आणि या विषयातला सर्वांत माणसाजवळचा भाग हाच. १९७१ पर्यंत न्यायाधिकरणाचा हात इथे बांधलेला होता. त्या वर्षी औद्योगिक विवाद अधिनियमात कलम ११-ए आले आणि शिक्षा अवाजवी वाटली तर ती बदलण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. महाराष्ट्राचा मान्यता व अनुचित प्रथांचा कायदाही १९७१ चाच, अमलात आला ८ सप्टेंबर १९७५ रोजी. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिली बाब सात प्रकारच्या सेवासमाप्तीला अनुचित ठरवते: सूडबुद्धीने, सद्हेतू नसताना, खोट्या फौजदारी खटल्यात गोवून, उघड खोट्या कारणाने, विनारजा गैरहजेरीचा बनाव करून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून, आणि किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा देऊन. तक्रार कामगार स्वतः थेट कामगार न्यायालयात नेऊ शकतो; समेट अधिकाऱ्याकडे हेलपाटे नाहीत, सरकारने वाद सोपवण्याची वाट बघणे नाही. मुदत नव्वद दिवसांची, सबळ कारण असेल तर वाढणारी. अंतरिम आदेश मागता येतो. इतकेच नाही, बडतर्फी होऊ घातली असतानाही तक्रार करता येते, हे हिंदुस्थान लिव्हरच्या प्रकरणात १९९५ मध्ये ठरले. देशातल्या फार थोड्या राज्यांत इतकी जवळची वाट आहे.

प्रमाणाबाहेरची शिक्षा कशाला म्हणायचे हे सांगणारी दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. दोन्ही महाराष्ट्रातली आणि दोन्हींत आरोप एकच: कामावर झोपणे. कलर-केम कंपनीतले कामगार रात्रपाळीत, पहाटेच्या सुमारास झोपलेले सापडले आणि बडतर्फ झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले की यंत्रे चालू असताना झोपणे हे किरकोळ गैरवर्तन नव्हे. तरीही एवढ्यासाठी नोकरीच घालवणे इतके बेताल आहे की कायद्याच्या दृष्टीने तो छळच. बडतर्फी टिकली नाही. दुसरे प्रकरण पुण्याच्या भारत फोर्जचे. २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एक कामगार लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. त्याच्या नावावर आधीची तीन गैरवर्तने होती आणि प्रत्येक वेळी सौम्य शिक्षेवर सुटका झाली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. डोळा लागला तो एकाचा पहाटे, दुसऱ्याचा भर दिवसा, हा फरक मनाला पटतो; पण दोन निकालांना वेगळे केले ते सेवापुस्तकाने. मागची नोंद कोरी असेल तर न्यायालय चुकीकडे माणसाची चूक म्हणून बघते, आणि नोंदी साचल्या असतील तर सवय म्हणून. म्हणून किरकोळ ताकीदपत्रालाही लेखी उत्तर देऊन त्याची पोहोच जपून ठेवा, असे जुने युनियनवाले नव्या पोरांना बजावतात. वरिष्ठांना शिवीगाळ, मारहाण, चोरी या आरोपांत मात्र स्वच्छ नोंदही फारशी तारत नाही. २००५ नंतरचे निकाल याबाबत अधिक कडक झाले आहेत.

काही सेवासमाप्त्या चौकशीच्या पलीकडच्या असतात, कारण मूळ कारणच राज्यघटनेला मान्य नसते. पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला. एका सार्वजनिक महामंडळातल्या हंगामी कामगाराला एचआयव्हीची लागण आहे एवढ्यावरून वगळले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की काम करण्याची क्षमता शाबूत असताना असे काढता येणार नाही. त्या काळात या आजाराच्या नावानेच माणसे दूर सरत. हे ध्यानात घेतले तर त्या निकालाचे मोल कळते.

खटला जिंकल्यावर हातात काय पडते? जुना सरळ नियम होता: काढणे बेकायदा, तर नोकरी परत आणि मधल्या काळाचा पगारही. हिंदुस्थान टिन वर्क्सच्या निकालाने हा नियम मांडला. तिथेही कंपनीची आर्थिक स्थिती बघून पगार पंचाहत्तर टक्क्यांवर आणला गेला. पुढे दोन दशकांनी वारे फिरले आणि ‘काम नाही तर दाम का’ हा सूर निकालांत उमटू लागला. तो थोपवला महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणाने. शाळा न्यायाधिकरणाने तिची बडतर्फी रद्द करून मागील पगार दिला होता, उच्च न्यायालयाने तो काढून घेतला. क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय हे प्रतिपक्षाचे नाव असलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये पगार परत दिला आणि मागील पगार हाच साधारण नियम असल्याचे पुन्हा ठासून सांगितले. कामगाराने आपण बेकार होतो एवढे शपथेवर सांगावे. तो दुसरीकडे कमावत होता हे दाखवणे मग मालकाचे काम. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो, ‘शेती किती आहे?’ सातबारा पुढे येतो. दोन एकर धानावर चार तोंडे जगली, ही कमाई धरायची की तग, याचे एकच उत्तर निकालांत नाही; न्यायाधीश मग पन्नास, चाळीस, पंचवीस टक्के असा आकडा धरतात.

रोजंदारीवरच्या माणसाबाबत निकाल वेगळीकडे वळले आहेत. नोटीस आणि भरपाई न देता काढले हे सिद्ध झाले तरी, नेमणूकच रीतसर नव्हती, मग परत घेऊन उपयोग काय, असे म्हणून न्यायालये एकरकमी पैसे देतात. हरियाणाच्या पणन मंडळाच्या २००९ च्या प्रकरणात ही रक्कम पन्नास हजार होती, बीएसएनएलच्या २०१३ च्या प्रकरणात तीन लाख. बीएसएनएलच्या निकालातच अपवादही नोंदला आहे: त्याच्यानंतर आलेल्यांना ठेवून त्याला काढले असेल, किंवा त्याच्या बरोबरीचे कायम झाले असतील, तर नोकरीच परत द्यावी. हा अपवाद वापरायचा तर कामगाराला ज्येष्ठता यादी लागते, म्हणजे पुन्हा मालकाच्या कपाटाकडे जावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९४७ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली. २४० दिवस, महिन्याची नोटीस, वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई हा गाभा तिने ठेवला आहे. मोठ्या कारखान्यात कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा मात्र शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. समेट अधिकाऱ्याकडे वाद नेण्याची मुदत दोन वर्षांची झाली. कमी केलेल्या कामगाराच्या नव्या कौशल्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरण्याची तरतूद आली. मुदतीच्या नेमणुकीला तिने उघड मान्यता दिली, त्यामुळे पत्रातली तारीख संपल्यावर घरी बसलेल्याला पुढे दाद मागणे जड जाणार. संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा नाही.

आदेश हाती आल्यावरही बरेच काही बाकी असते. कामगाराने आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन गेटवर हजर व्हायचे, कामावर हजर होत असल्याचा अर्ज द्यायचा आणि त्याची पोहोच घ्यायची. पोहोच मिळाली नाही तर त्याच दिवशी तो अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा. मालक वरच्या न्यायालयात जातो: अनुचित प्रथेच्या प्रकरणात औद्योगिक न्यायालयात फेरतपासणीसाठी, तिथून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे. औद्योगिक विवाद कायद्याखालच्या निवाड्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले तर तो निकाली निघेपर्यंत शेवटच्या पगाराइतकी रक्कम कामगाराला दरमहा मिळावी यासाठी १९८४ पासून कलम १७-बी होते. आपण दुसरीकडे नोकरीला नाही असे प्रतिज्ञापत्र त्याने द्यायचे. पैशाचा आदेश पाळला गेला नाही तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वरठीच्या कामगाराच्या बाबतीत ती फाइल भंडाऱ्याहून मोहाडीच्या तहसील कार्यालयात येते. तिथे तिला आवक क्रमांक पडतो, आणि तो क्रमांक चिठ्ठीवर उतरवून घेतल्याशिवाय जाणकार कामगार तिथून हलत नाही.